सातवं वाण

केतकीला बाळंतपणासाठी माहेरी सोडायला जावई आला खरा, पण पायरी चढला नाही. अंगणातूनच हात जोडून म्हणाला, "आई, येतो. ऊन व्हायच्या आत पुण्याला पोचायचंय." ऊन कसलं? माघ सरत आला होता आणि सकाळच्या वाऱ्यात अजून गारठा होता. वैजयंतीबाईंनी निनादसाठी चहा गाळून ठेवला होता. तो त्यांनी स्वतःच प्यायला.

त्यांना त्याचा राग आला नाही. हल्ली राग यावा असं कुणी वागतच नसे. मिरजेच्या मंडईत त्या भाजीवाल्यापुढे उभ्या राहिल्या की दोन्ही बाजूंची माणसं जराशी सरकत, आपण सरकलो हे त्यांचं त्यांनाही कळत नसे, झोपेत कूस बदलावी तसं. बँकेतल्या बाकावर त्यांच्या शेजारची जागा रिकामी राही. नाक कुणी मुरडत नव्हतं, वाकडं कुणी बोलत नव्हतं. उलट सगळे फार अदबीने बोलत. फक्त लांबून बोलत.

"का ओ काकू," शेजारची सुरेखा माळी कुंपणापलीकडून म्हणाली, "पडीक रानात पाहुणी आली म्हणायची."

"आली बाई. आता तू तरी कुंपण ओलांडून ये तिला बघायला."

"केतकीला बघायला येणार की. तुमच्याकडं यायचं म्हटलं की तेवढे पाय जड होतात. आता ते काय आपल्या हातात हाय का, तुम्हीच सांगा."

सुरेखा फटकळ होती, पण खोटं बोलत नसे. पडीक हा शब्दही तिचा नव्हता, सगळ्यांचाच होता. ज्याची पेरणी झाली नाही तो पडीक.

पेरणीला आता बरीच वर्षं झाली होती. हगवणीची एक साथ आली होती. जंतू जुनाच, पण औषधं खाऊन खाऊन तो निगरगट्ट झाला होता. माणसं हबकली. ती साथ शेवटी औषधाने नव्हे तर दुसऱ्या जंतूंनी थांबवली. माणसाच्या आतड्यात असंख्य जंतू राहतात, शेकडो जातींचे, आणि त्यातले बहुतेक आपले वैरी नसतात. आपल्याला जे पचत नाही ते ते पचवतात, काही जीवनसत्त्वं तयार करतात, आगंतुक जंतूला पाय ठेवायला जागा देत नाहीत, आणि आपला कोण व परका कोण हे शरीराच्या रक्षक पेशींना शिकवतात. जहाल औषधांनी वाईटाबरोबर हे चांगलेही मरतात. रान मोकळं होतं, आणि मोकळ्या रानात आधी तण माजतं. म्हणून मग धडधाकट माणसाच्या पोटातले जंतू घेऊन, ते निवडून, वाळवून, कॅप्सूलमध्ये भरून आजाऱ्याच्या आतड्यात पोचवायचे. हीच पेरणी.

अनेकांच्या पोटातली वाणं तपासून झाली. काही कुणाकुणाला लागू पडली, काही नाही पडली. सातवं वाण मात्र ज्याला दिलं त्याच्यात रुजलं. ते सह्याद्रीतल्या कुठल्याशा वाडीवरच्या एका बाईचं होतं म्हणतात. तिचं नाव कधी कुणाला कळलं नाही. साथ थांबली, आणि मग लोकांच्या ध्यानात आलं की ज्यांची पेरणी झाली त्यांची सांधेदुखी कमी झाली आहे, साखर ताब्यात आहे, वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळलेली उदास माणसं उठून कामाला लागली आहेत. यात जादू काही नव्हती. आतड्यापासून मेंदूपर्यंत एक लांबलचक मज्जातंतू जातो. खाली जंतू जे काही रांधतात त्याची खबर त्या वाटेने आणि रक्तातून वर पोचत असते. तेव्हा मग धडधाकट लोकांनीही पेरणी करून घेतली. का नाही घेणार?

पुढचं मात्र कुणाच्या हिशेबात नव्हतं. लोकांना नाचणीची भाकरी आणि अंबाडीची भाजी आवडू लागली. आवडू लागली म्हणजे तिच्यावाचून चैन पडेना. मिरजेतले डंख, म्हणजे मिरची कांडपाच्या गिरण्या, एकामागून एक बंद पडले, कांदा-लसूण मसाला फक्त वैजयंतीबाईंच्या घरात उरला. सकाळी सगळ्या गल्लीला एकदम भूक लागे, आणि कुकरच्या शिट्ट्या एका सुरात वाजत. त्या वाडीवरच्या बाईला कुणी पाहिलं नव्हतं, पण तिची भूक सगळ्यांना लागत होती.

आणि वास. पोटातल्या जंतूंमुळे माणसाच्या श्वासाला, घामाला एक पुसटसा वास येतो. तो नाकाला कळला तरी मनाला कळत नाही. पूर्वी एका चुलीवर जेवणाऱ्यांचा तो थोडाफार सारखा असे. घरात शिरल्यावर हायसं वाटतं, त्यात या वासाचाही वाटा असावा. आता सगळं राज्यच एका चुलीवर जेवत होतं. कुणीही कुणाच्याही घरात गेलं तरी हायसं वाटत होतं. भांडणं कमी झाली, कोर्टं ओस पडली. त्या मोठ्या घराच्या बाहेर अंगणात जी थोडी माणसं राहिली, त्यांत वैजयंतीबाई कागवाडे होत्या.

साथीच्या वेळी त्यांच्यावर रक्ताच्या कर्करोगाचे उपचार चालू होते. अशा अंगात परके जंतू नकोत, असं तेव्हा डॉक्टरच म्हणाले होते. पुढे त्या बऱ्या झाल्या, आता घ्यायला हरकत नाही असंही सांगितलं गेलं, पण तोवर त्यांनी मधुकररावांना पाहिलं होतं. त्यांचे यजमान आयुष्यभर आमटीतल्या मिठावरून भांडत आले. पेरणीनंतर त्यांचं भांडण संपलं. पानात पडेल ते हसून जेवत. "तुझी झोपमोड नको," म्हणून त्यांनी आपणहून अंथरूण बाहेरच्या खोलीत नेलं. शेवटच्या दुखण्यात वैजयंतीबाई स्टुलावर बसून होत्या आणि मधुकररावांनी हात धरला होता तो त्याच आठवड्यात कामावर लागलेल्या नर्सचा. त्यांनी एकदा बायकोकडे पाहिलं, ओळखीच्या माणसाकडे पाहून हसतात तसे हसले, आणि मान पुन्हा नर्सकडे वळवली.

त्यानंतर वैजयंतीबाई पेरणीचं नुसतं पुढे ढकलत राहिल्या.

केतकीने आल्या आल्या घरातल्या सगळ्या खिडक्या उघडल्या आणि मागच्या खोलीत, दाराशी येणाऱ्या वाऱ्यात, आपली खाट घालून घेतली. पोरीला लहानपणी आवडायची म्हणून वैजयंतीबाईंनी झणझणीत आमटी केली. केतकीने आईच्या समाधानासाठी दोन घास खाल्ले आणि मोरीत जाऊन ओकली.

"राहू दे गं," वैजयंतीबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या. "उद्यापासून तुला अंबाडीच करते."

"चिडलीस?"

"चिडायला काय झालं? तुझे बाबा तर ही आमटी न ओकताही ओकल्यासारखं तोंड करायचे."

केतकी हसली. तोंड पुसत भिंतीला टेकून बसली. "आई, तू घेत का नाहीस? एक कॅप्सूल तर आहे."

"घेईन की."

"कधी पण?"

"तुझं नीट होऊ दे. मग बघू."

केतकी म्हणाली, "मला तुझ्याजवळ झोपावंसं वाटतं, लहानपणी झोपायचे तशी. म्हणजे लांब असले की वाटतं. जवळ आलं की कसं होतं ते सांगता येत नाही. तू माझी आई आहेस हे मला माहीत असतं. पण नुसतं माहीत असतं."

वैजयंतीबाईंनी मोरीत पाणी ओतलं.

चैत्रात केतकीला मुलगी झाली. बाळंतपण सुखरूप झालं. स्टेशनजवळच्या एका लहानशा दवाखान्यात डॉक्टर आरवाडे म्हणून बाई होत्या, त्यांनी बाळ दुपट्यात गुंडाळून आजीच्या हातात दिलं, आणि बाळाने टाहो फोडला. वैजयंतीबाईंनी थोपटलं, गुणगुणून पाहिलं, उभं धरलं, आडवं धरलं. शेवटी झाडणारी बाई हात धुऊन आली, तिने घेतलं, आणि पोर क्षणात गप्प झालं.

"मनाला लावून घेऊ नका," डॉक्टर आरवाडे म्हणाल्या. त्यांनी खिडकी उघडी ठेवली होती, पण खुर्ची मात्र वैजयंतीबाईंच्या अगदी समोर ओढून घेतली होती. "बाळ जन्माला येताना आईचे जंतू घेऊनच येतं. पुढे दुधाने ते वाढतात. आईच्या दुधात एक साखर अशी असते की ती बाळाला पचतच नाही. ती त्या जंतूंसाठी असते. आई एक पान बाळाचं वाढते आणि एक त्याच्या पोटातल्या पाहुण्यांचं. हे बाळ सातव्या वाणाचं आहे, आणि तुम्ही नाही. मलासुद्धा तुमच्याजवळ बसवत नाही, खरं सांगते. कारण माहीत आहे म्हणून बसते."

"उपकार आहेत," वैजयंतीबाई म्हणाल्या.

घरी आल्यावर मालिश सुरेखाने केलं, आंघोळ सुरेखाने घातली. ती कुंपण ओलांडून थेट मागच्या खोलीत जाई. वैजयंतीबाई पाणी तापवत, शेगडी पेटवत, अळिवाची खीर करत, आणि दारातून बघत. एकच काम असं होतं की ते सुरेखाला येत नव्हतं आणि केतकीलाही नाही. ते म्हणजे गुटी.

सहाण त्यांच्या आजीच्या वेळची होती. वेखंड, हळकुंड, जायफळ, मुरडशेंग, बदाम, खारीक. एकेकाचे दोन-तीन वळसे आईच्या दुधात उगाळायचे. कागवाड्यांकडे उष्ट्याखरकट्याचं फार कडक होतं, पण गुटीची रीत वेगळी होती. उगाळलेलं आधी बोटाने आपल्या जिभेला लावायचं, वेखंड वाजवीपेक्षा जास्त झालं का, जायफळाने पोर दिवसभर झोपून राहील का, ते पाहायचं, आणि त्याच बोटाने बाळाला चाटवायचं. हे बोट त्यांच्या घरी उष्टं मानत नसत. आजीने आईला, आईने त्यांना आणि त्यांनी केतकीला असंच चाटवलं होतं. डॉक्टरबाईंनी याबद्दल काही बजावलं नव्हतं. कुणी बजावणार तरी कसं? सगळ्यांच्या तोंडात एकच वाण असताना उष्टं ही गोष्टच लोक विसरून गेले होते.

पहिल्या दिवशी ते सवयीने झालं. बोट बाळाच्या तोंडात गेलं, ती इवलीशी टाळू बोटाला लागली, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी हात झटकन मागे घेतला. काही झालं नाही. बाळ नेहमीसारखं रडत होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या लक्षात होतं. हात धुवायला पाण्याचा तांब्याही त्यांनी शेजारी ठेवला होता. त्यांनी बोट जिभेला लावलं, तांब्याकडे पाहिलं, आणि तेच बोट बाळाला चाटवलं.

पुढे त्यांनी तांब्या ठेवणंही सोडून दिलं.

हळूहळू बाळाचं रडणं मुसमुसण्यावर आलं. मग एका सकाळी बाळाने गुटी चाटता चाटता त्यांचं बोटच धरून ठेवलं आणि डोळे वर करून त्यांच्याकडे टक लावून पाहिलं. कित्येक वर्षांत त्यांच्याकडे असं कुणी पाहिलं नव्हतं. वैजयंतीबाई सहाणेपाशी बसल्या जागी हलल्या नाहीत. पायाला मुंग्या आल्या तरी त्या तशाच बसून राहिल्या.

सुख थोडे दिवस टिकलं. मग बाळ केतकीच्या अंगावर पिईना. छातीशी घेतलं की पाठीची कमान करून किंचाळे. सुरेखाने मालिशला घेतलं की अंग ताठ करी. दूध काढून वाटीत द्यायचं आणि वैजयंतीबाईंनी बोंडल्याने पाजायचं, असं सुरू झालं. त्यांच्या हातून बाळ गटागटा पीत असे.

सव्वा महिन्याने बारसं झालं. गल्लीतल्या बायका नटून आल्या, पाळण्याला फुलं बांधली. बाळाला पाळण्यावरून आणि पाळण्याखालून द्यायची वेळ आली. केतकीने वरून दिलं, खालून सुरेखाने घ्यायचं होतं. सुरेखाचे हात पुढे आले आणि मध्येच थांबले. ती गोंधळून आपल्याच हातांकडे बघत राहिली. "काय की," ती पुटपुटली, "हाताला मुंग्या आल्यागत झालं." दुसरी कुणी पुढे झाली नाही. बायका हसतमुखाने उभ्या होत्या, पाळणागीत गात होत्या, आणि गाता गाता एकेक पाऊल मागे सरत होत्या. शेवटी वैजयंतीबाईच वाकल्या आणि त्यांनी खालून बाळ घेतलं. शाल्मली हे नाव त्यांनीच कानात सांगितलं. निनादने दारातून फोटो काढला.

एक दिवस त्या दुपारी मंडईतून परत येत होत्या. गल्लीच्या तोंडाशीच त्यांना रडणं ऐकू आलं. घसा बसलेलं, हुंदक्यांनी तुटणारं रडणं. पिशवी टाकून त्या धावल्या. केतकी बाहेरच्या खोलीत खुर्चीवर अंबाडी निवडत बसली होती, चेहरा अगदी शांत.

"केतू, पोर रडतेय."

"हो का?" केतकीने मान वर केली. "मला वाटलं शेजारी कुणाचं तरी असेल."

त्यांनी शाल्मलीला उचललं. ती हिरवीनिळी पडली होती, खांद्यावर घेताच गळून झोपली. केतकी दारात येऊन उभी राहिली, आत आली नाही.

"आई, मी वाईट आहे का गं?" तिने विचारलं. विचारण्यात दुःख नव्हतं, नुसती चौकशी होती. "मला तिच्याबद्दल काहीच वाटत नाही. पहिल्यांदा वाटायचं, खूप वाटायचं. आता वाटत नाही, आणि वाटत नाही याचंही काही वाटत नाही."

वैजयंतीबाईंनी लेकीकडे पाहिलं. ते सौजन्याचं हसू त्यांनी पूर्वी स्टुलावर बसून पाहिलं होतं. मुलीपासून तिची आई आपण काढून घेतली आहे, हे त्यांना त्या क्षणी लख्ख दिसलं.

दुसऱ्याच दिवशी त्या दोघींना घेऊन दवाखान्यात गेल्या. बाळाची शी तपासली. डॉक्टर आरवाड्यांनी पडद्यावरचे आकडे दोनदा वरपासून खालपर्यंत पाहिले.

"हिच्या पोटात सातवं वाण जवळजवळ उरलेलंच नाही. हे दुसरंच आहे, जुनं. कुठून आलं हे?"

"माझ्या तोंडातून आणि हातातून," वैजयंतीबाई म्हणाल्या, आणि त्यांनी गुटीचं सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशीचा तांब्याही सांगितला.

केतकी ऐकत होती. तिने आकांत करावा, आपल्याला दोन शब्द सुनवावेत, असं त्यांना फार वाटलं. ती म्हणाली, "बरं झालं, कारण तरी कळलं."

"आता यावर काय करायचं?" वैजयंतीबाईंनी डॉक्टरांना विचारलं.

"मोठ्या माणसात सातवं वाण एकदा रुजलं की हलत नाही, तेव्हा केतकीचं काही बदलता येणार नाही. बाळाचं मात्र रान अजून ओलं आहे. औषधाने ते साफ करायचं आणि नव्याने पेरायचं. रुजेपर्यंत पडीक माणसाचा हात तिला लागता कामा नये. म्हणजे तुम्ही लांब राहायचं."

"आणि तोवर तिला उचलायचं कुणी?"

डॉक्टरबाईंनी केतकीकडे पाहिलं. केतकी खिडकीबाहेर बघत होती. बाळ टेबलावर हातपाय झाडत होतं.

"पाळणाघरातून कुणी बाई मिळेल," डॉक्टर म्हणाल्या, पण त्यांनाच ते पटलं नाही. मिळणारी बाईही पेरलेलीच असणार.

"मग मलाही पेरा," वैजयंतीबाई म्हणाल्या. "आजच. म्हणजे मला हात लावता येईल."

"इतकी वर्षं नको म्हणत होतात."

"तेव्हा माझ्यावाचून कुणाचं अडत नव्हतं."

डॉक्टर आरवाडे खुर्ची पुढे ओढून बसल्या. "माझं ऐका. आधी तिचं रुजू दे. मोठ्यांत ते हमखास रुजतं; साफ केल्यावर बहुतेक बाळांचंही रुजतं, पण सगळ्यांचं नाही, आणि तुमचं वाण चिवट आहे, तेवढ्या जहाल उपचारांतून ते तगलेलं आहे. तिचं रुजलं नाही आणि तुमचं रुजलं, तर या गावात तिला जवळची वाटणारी एकही व्यक्ती राहणार नाही. आणि तीही कुणाला जवळची वाटणार नाही. तुम्हालासुद्धा नाही."

हे वैजयंतीबाईंना कळलं नाही असं नाही. पण ते पुढचं होतं. पाळण्यात रडून हिरवंनिळं पडलेलं पोर त्यांनी कालच पाहिलं होतं. औषधाने पोट खवळलेलं, दूध टाकणारं लेकरू त्या घरात कुणाच्या भरवशावर ठेवायचं? थांबणं शहाणपणाचं होतं, आणि थांबणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं. त्यांनी कॅप्सूल मागून घेतली आणि तिथेच गिळली. तिला चव काहीच नव्हती.

पहिले काही आठवडे त्यांनी शाल्मलीला जिवापाड सांभाळलं. हात धुऊन, तोंडाला फडकं बांधून, औषधं मोजून पाजत त्या अर्ध्या झाल्या. मग एका सकाळी त्यांना अंबाडी खावीशी वाटली. दुसऱ्या सकाळी अंबाडीच्या वासाने त्यांच्या तोंडाला पाणी सुटलं. गल्लीतल्या शिट्ट्यांबरोबर त्यांचाही कुकर वाजला.

सुरेखा कुंपण ओलांडून आली आणि गुडघ्याला गुडघा लावून बसली. "काय ओ काकू, किती वर्षं फुकट घालवली."

"घालवली खरी," वैजयंतीबाई म्हणाल्या, आणि दोघी हसल्या.

मंडईत आता कुणी सरकत नव्हतं. गर्दीत कुणाचा खांदा लागला की बरं वाटे. मसाल्याचा डबा त्यांनी एक दिवस उघडून पाहिला, शिंका आल्या, आणि तो कचऱ्यात रिकामा केला. दुपारी केतकी आपणहून आली आणि त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. तिच्या केसांतून हात फिरवताना वैजयंतीबाईंचे डोळे भरून आले. इतकी वर्षं ही पोर आपल्यापासून लांब होती, असं त्यांना वाटत असे. लांब तर आपण होतो. हे सुख खोटं होतं असं कुणी म्हणू नये. ते खरंच होतं.

शाल्मलीची तपासणी झाली. डॉक्टर आरवाड्यांनी स्वतः घरी येऊन सांगितलं. पेरलेलं रुजलं नव्हतं. जुनंच पुन्हा फुटून आलं होतं. आता लगेच परत औषध दिलं तर आतडं सोसणार नाही, ती मोठी झाली की पाहू. हे सांगताना त्यांनी वैजयंतीबाईंच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं.

"अरेरे," वैजयंतीबाई म्हणाल्या. मग म्हणाल्या, "चहा घेणार ना?"

निनाद केतकीला न्यायला आला तो थेट घरात आला. सोफ्यावर ऐसपैस बसला, सासूच्या पाया पडला, दोनदा भाकरी मागून जेवला. बाळाला तूर्त इथेच ठेवावं असं ठरलं. प्रवासाची दगदग नको, इथे तिला सवय आहे, असं तिघांचंही एकमत झालं. एकमत व्हायला काहीच वेळ लागला नाही. मग दारातल्या उन्हात बसून ते निघायच्या गाडीचं बोलत राहिले. कुठेतरी एक मूल रडत होतं. निनादने गाडीला पेट्रोल भरायचं राहिल्याचं सांगितलं. मूल रडतच होतं. कुणाचं एवढं रडतंय, आईबापांना कळत कसं नाही, असं वैजयंतीबाईंच्या मनात आलं, आणि त्या बोलता बोलता थांबल्या.

त्यांनी मनाशी ओळीने मांडून पाहिलं. हे रडणं आपल्या घरातलं आहे. मागच्या खोलीत पाळणा आहे. पाळण्यात शाल्मली आहे. ती आपल्या केतकीची मुलगी आहे. प्रत्येक गोष्ट खरी होती, आणि एकाही गोष्टीने त्यांचा हात हलत नव्हता. पुस्तकात वाचलेल्या दुष्काळासारखं ते सगळं होतं. दारातलं ऊन मात्र छान होतं, आणि केतकीचा खांदा त्यांच्या खांद्याला लागला होता.

त्या उठल्या. उठावंसं वाटलं म्हणून नव्हे. भिंत धरून, पाण्यातून चालल्यासारख्या त्या मागच्या खोलीत गेल्या. खोलीत कोंदट, बंद राहिलेल्या तांदळाच्या पिपासारखा वास होता. त्यांनी श्वास रोखला, वाकल्या, आणि बाळ उचललं.

शाल्मलीने त्यांच्या अंगाचा वास घेतला आणि ती आणखीनच जोरात रडू लागली. पण पुढे आलेलं दुसरं कुणी नव्हतं. दमून दमून ती गप्प झाली आणि ओल्या डोळ्यांनी त्यांच्या तोंडाकडे पाहू लागली. तिने लाळेने भिजलेली मूठ त्यांच्या ओठांकडे नेली. वैजयंतीबाईंनी चटकन तोंड फिरवलं.

बाळ थबकलं. मग त्याने मूठ त्या बाजूला नेली. त्यांनी तोंड दुसऱ्या बाजूला फिरवलं. आणि शाल्मली खुदकन हसली. तिला तो खेळ वाटला. तिने पुन्हा मूठ पुढे केली, पुन्हा तोंड फिरलं, आणि ती खळखळून हसत राहिली.

बाहेरून केतकी म्हणाली, "बघ ना निनाद, कशा खेळताहेत दोघी."

वैजयंतीबाईंनी श्वास धरून ठेवला होता. त्यांनी बाळ खाली ठेवलं नाही. मूठ आली की त्या तोंड फिरवत होत्या, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, आणि दर वेळी ते पोर अधिकच आनंदाने हसत होतं.